थकलेल्या मानधनासाठी चित्रांचे सगळे हक्क लिहून द्यावेत का?

प्रश्न : मी मुक्त व्यंगचित्रकार आहे. एका साप्ताहिकाला गेली काही वर्षं दर अंकासाठी एक व्यंगचित्र देतो. नोकरी नाही, लेखी करारही नाही. विषय आणि मुदत व्हॉट्सअ‍ॅपवर ठरते, महिनाअखेर मी बिल पाठवतो. बहुतेक चित्रांत छत्रीवाला एक कारकून असतो. तो मी या साप्ताहिकाकडे येण्याआधीपासून रेखाटत आलो आहे. आता त्यांनी या चित्रांचं टेबल कॅलेंडर काढलं, मोबाइलचे स्टिकर केले. दोन्हींत माझी सही कापली आहे, काही चित्रांखालची ओळही बदलली आहे. विचारलं तर एक करार हातात ठेवला : आजवरची आणि पुढची सर्व चित्रं व ते पात्र कायमचं त्यांचं. सही केली की थकलेली बिलं निघतील, नाहीतर कारकून दुसऱ्याकडून काढून घेऊ, असं म्हणतात. काय करू?

उत्तर : सही करू नका. छापून झालेल्या चित्रांचं मानधन हे त्यांच्याकडून तुम्हाला येणं आहे. ते चुकतं करायला आता नवी अट घालता येत नाही. कॅलेंडर आधी बाजारात आलं आणि हक्कांचा कागद मागून, हा क्रमही बोलका आहे. हक्क त्यांच्याकडे असते तर कागदाची गरज पडली नसती.

लेखी करार नसल्याचं तुम्ही जरा ओशाळून लिहिलं आहे. पण इथे कागद नसणं ही तुमच्यापेक्षा त्यांची अडचण आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की चित्राचा पहिला मालक ते काढणारा. नियतकालिकाच्या नोकरीत असताना त्यात छापण्यासाठी काढलेल्या चित्रांना अपवाद आहे. पण तिथेही, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नियतकालिकाच्या मालकाला मिळतो तो नियतकालिकातल्या प्रसिद्धीपुरता हक्क. बाकीचा चित्रकाराकडेच राहतो. म्हणजे तुम्ही त्यांचे पगारी व्यंगचित्रकार असता तरी केवळ या तरतुदीच्या जोरावर कॅलेंडर त्यांचं झालं नसतं. ‘दर आठवड्याला काम देतो, म्हणजे तू आमचाच माणूस’ हा युक्तिवाद ते करतील. त्याला उत्तर साधं आहे : हजेरी नाही, रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, साधनं तुमची, आणि इतरांची कामं घ्यायला तुम्ही मोकळे.

मालकी दुसऱ्याकडे जायची तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि तुमच्या सहीचं हस्तांतरण लागतं. कोणती चित्रं, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ‘ओके, पाठवतो’ या व्हॉट्सअ‍ॅप निरोपातून असलं हस्तांतरण होत नाही. त्यातून फार तर अंकात, आणि बहुधा त्यांच्या संकेतस्थळावर, छापायची परवानगी निघते. ती मात्र तुम्ही दिलेलीच आहे, त्यामुळे जुने अंक मागे घ्यायला लावायचा विचार मनात असेल तर सोडून द्या.

आता तुमची दुबळी बाजू. त्याच कलम १७ मध्ये असंही आहे की पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या पेंटिंगची किंवा व्यक्तिचित्राची मालकी, वेगळं ठरलेलं नसेल तर, करून घेणाऱ्याची. समोरचा वकील यावरच बोट ठेवेल. आपलं म्हणणं असं की कायद्याच्या व्याख्येत पेंटिंग आणि ड्रॉइंग हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि या अपवादात ड्रॉइंग घेतलेलं नाही. रेघांच्या व्यंगचित्रासाठी हा मुद्दा मला भक्कम वाटतो. जलरंगात रंगवलेल्या पूर्ण पानाच्या चित्रावर वाद होऊ शकेल. आणि कुणाच्या निरोपसमारंभासाठी, वाढदिवसासाठी अर्कचित्रं काढून देत असाल, तर ती सरळ व्यक्तिचित्रांच्या खात्यात जाऊ शकतात. अशा कामाच्या बिलावर हक्क तुमच्याकडे असल्याची ओळ घाला आणि ग्राहकाचा होकार काम सुरू करण्याआधीच लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. मानधन घेताना एखाद्या व्हाउचरवर सही केली आहे का? त्यामागच्या बारीक अक्षरांत ‘सर्व हक्कांसह’ असं काही छापलेलं असू शकतं. असलं व्हाउचर निघालं तर माझं वरचं उत्तर बरंच बदलेल.

कारकुनाच्या बाबतीत तुमची बाजू चांगली आहे. मल्याळम व्यंगचित्रकार टॉम्स यांनी ‘बोबन आणि मोली’ ही जोडगोळी नोकरीला लागण्याआधीच निर्माण केली होती. नोकरी सोडल्यावर त्यांनी ती दुसरीकडे काढू नये म्हणून त्यांचं आधीचं प्रकाशन न्यायालयात गेलं. केरळ उच्च न्यायालयाने पुढची चित्रं काढायला त्यांना मोकळीक दिली. ते तर नोकरीत होते, तुम्ही तेही नाही. तुमचा मुद्दा सिद्ध करायला जुन्या वह्या, तारखेचे स्कॅन, दुसरीकडे आधी छापून आलेला कारकून असं जे असेल ते बाहेर काढा. फक्त एक लक्षात ठेवा : ‘छत्रीवाला कारकून’ या कल्पनेवर तुमचा हक्क नाही. त्याची चेहरेपट्टी, उभं राहण्याची ढब, तुम्ही घडवलेला स्वभाव यांची नक्कल झाली तर तक्रार करता येईल.

सही कापणं आणि ओळ बदलणं याचं उत्तर कलम ५७ मध्ये आहे. आपल्या कृतीवर आपलं नाव सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास ती रोखण्याचा किंवा भरपाई मागण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. कॉपीराइट विकून टाकला तरीही. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प उखडून ठेवल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी केंद्र सरकारविरुद्ध दाद मागितली आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष परत देण्याचा व भरपाईचा आदेश दिला, तो याच कलमाच्या आधारे. तुमच्या बाबतीत सहीपेक्षा बदललेली ओळ मला अधिक गंभीर वाटते. व्यंगचित्राची भूमिकाच त्या ओळीत असते. उद्या त्या ओळीवरून कुणाची बदनामी झाली तर शैली ओळखणारे बोट तुमच्याकडेच दाखवतील. प्रत्येक बदललेल्या चित्राशेजारी मूळ चित्र ठेवून तक्ता करा.

पुरावा जमवताना केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका. कॅलेंडरची एक प्रत पावतीसह विकत घ्या. मूळ कागद आणि लेअर असलेल्या फाइली जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारी तिची संगणकीय खूण, द्यावं लागतं. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण कारकुनाची निवडक चित्रं नोंदवून ठेवलीत तर न्यायालयात सुरुवातीचा पुरावा तयार राहतो.

मग दोन वेगळी पत्रं पाठवा. पहिलं फक्त पैशांचं : बिलांच्या तारखा, रकमा, चित्र कोणत्या अंकात आलं ते, आणि पैसे देण्याची मुदत. हक्कांचा त्यात उल्लेखही नको. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधीपासून असेल तर २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी नसेल तर जुन्या बिलांना हा आधार मिळेल असं धरून चालू नका. पुढच्या कामासाठी ती करून घ्या. दुसरं पत्र वकिलामार्फत, कॅलेंडर व स्टिकरबद्दल : विक्री थांबवा, किती प्रती खपल्या ते सांगा, नाव द्या, भरपाई द्या. स्टिकर दुसऱ्या कंपनीच्या मंचावर असतील तर तिलाही लेखी तक्रार करता येते. खात्री पटल्यास तिने ३६ तासांत ते बंद करायचे असतात. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू होऊ शकतात. म्हणून दाव्याची तयारी झाल्याशिवाय ही तक्रार करू नका.

फौजदारी तक्रारीची तरतूद आहे, पण पहिल्याच पावलाला मी ती सुचवणार नाही. समाजमाध्यमांवर ‘चोर’ म्हणून पोस्टही टाकू नका. तुमच्या हातातली केस त्यांच्या हातात जाईल.

त्यांना काम चालू ठेवायचं असेल तर वाटाघाटीला बसा. अंकासाठी एक दर, कॅलेंडर आणि स्टिकरसाठी वेगळी रॉयल्टी, ठरावीक मुदत, सही कायम, ओळ बदलण्याआधी विचारणं. ‘पुढची सर्व चित्रं’ हे शब्द खोडा. त्या मसुद्यात चित्रावरून उद्भवणाऱ्या सगळ्या खटल्यांचा खर्च चित्रकाराने सोसायचा असं कलम आहे का तेही पाहा. असेल तर ते निदान तुम्ही दिलेल्या मूळ चित्र-ओळीपुरतं मर्यादित करून घ्या. या बोलण्यांत वेळ जाऊ देऊ नका, कारण थकबाकी आणि भरपाई दोन्हींच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. सर्वांत जुनं बिल कोणत्या तारखेचं आहे ते आधी पाहा आणि पैशांचं पत्र याच आठवड्यात स्पीड पोस्टने पाठवा.