नेग्लिजे, स्लिप आणि आपली शमीज

प्रश्न असा आहे: १९५०च्या आसपासच्या अमेरिकी पल्प (म्हणजे स्वस्त, सनसनाटी) कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. त्यात ‘लाँजरी’, ‘स्लिप’ आणि ‘नेग्लिजे’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात. सगळीकडे ‘अंतर्वस्त्र’ लिहिलं तर चालेल का?

लाँजरीला चालेल. स्लिपला जेमतेम. नेग्लिजेला मात्र अजिबात नाही, कारण ते आत घालायचं वस्त्रच नव्हे.

लाँजरी हा समूहवाचक शब्द. फ्रेंचमध्ये त्याचं मूळ लिननच्या कपड्यांशी आहे. या मुखपृष्ठांच्या काळापर्यंत लिनन मागे पडून रेयॉन आणि नायलॉन आले होते, शब्द तोच राहिला.

स्लिप म्हणजे खांद्यावर दोन बारीक बंद असलेला, गुडघ्यापर्यंत येणारा आतला झगा. फ्रॉक पारदर्शक दिसू नये, अंगाला चिकटू नये म्हणून घालायचा. याला ‘पेटीकोट’ म्हणू नका. निम्म्या वाचकांना साडीखालचा परकर दिसेल. आपल्याकडे ‘शमीज’ आहे की! तोही फ्रेंचच, आणि मागे जाऊन उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कामीसिया’ला मिळणारा. आपला खमीसही त्याच घराण्यातला मानतात. शमीज जुनाट वाटली तर ‘स्लिप’च ठेवा, दुकानात आजही याच नावाने मिळते.

आता नेग्लिजे. फ्रेंचमधला अर्थ ‘दुर्लक्षित’. अठराव्या शतकात दरबारी थाटाचे नसलेले, घरात वावरायचे सैल कपडे या नावाने ओळखले जात. पुढे त्याचा रात्रीच्या पोशाखावर चढवायचा झिरझिरीत झगा झाला. म्हणजे हा सगळ्यात वरचा थर. गंमत अशी, की त्याच अठराव्या शतकात युरोपातले पुरुष घरात जो ऐसपैस झगा घालत, त्याला ‘बनियन’ म्हणत; भारतातल्या वाण्यांवरून पडलेलं नाव. तोच शब्द आपल्याकडे शर्टाच्या आत जाऊन बसला. नेग्लिजे आतला वाटतो पण बाहेरचा, बनियन बाहेरचा होता तो आतला झाला.

हा काथ्याकूट कशासाठी? कारण चित्रकार हे कपडे विचार करून निवडत होते. सिग्नेट या प्रकाशनसंस्थेसाठी काम करणाऱ्या जेम्स अवाटीच्या चित्रांत कळकट खोल्या आणि थकलेली माणसं असतात. अशा खोलीत नुसत्या स्लिपमध्ये बसलेली बाई म्हणजे नुकतीच कामावरून आलेली, फ्रॉक उतरवलेली बाई. तिथे नेग्लिजे शोभणार नाही. नेग्लिजेतली बाई श्रीमंत घरातली, कुणाची तरी वाट पाहणारी. दोघींना ‘अंतर्वस्त्रांतील स्त्री’ म्हटलं की चित्रातली गोष्टच पुसली जाते. शिवाय नग्नता दाखवायची सोय नव्हती, त्यामुळे सगळा भार कापडावर. तरीही १९५२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या गॅदिंग्ज समितीने या स्वस्त पुस्तकांची अश्लीलतेवरून चौकशी केलीच.

काही ठिकाणी यातला एकही शब्द चालणार नाही. जॉन अर्स्किनच्या ट्रॉयच्या हेलनवरील कादंबरीला १९४८ मध्ये पॉप्युलर लायब्ररी या प्रकाशनाने चित्रकार रुडॉल्फ बेलार्स्कीचं मुखपृष्ठ दिलं. हेलनच्या अंगावर तलम, पारदर्शक वस्त्र आहे. त्यामागचा हेतू नेग्लिजेचाच, पण नायिका प्राचीन ग्रीक कवी होमरची! तिथे सरळ ‘तलम वस्त्र’ लिहा.

नेग्लिजेसाठी पहिल्यांदा ‘नेग्लिजे हा झिरझिरीत झगा’ असं लिहून पुढे नुसतं ‘झगा’ म्हणा. ‘गाऊन’ कटाक्षाने टाळा. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फुलाफुलांचा सुती गाऊन आणि त्यावर ओढणी टाकून दूध आणायला खाली उतरलेल्या काकू येतील, आणि खुनाचं रहस्य तिथेच संपेल.

जाता जाता: लेखात ‘गुड गर्ल आर्ट’ (आकर्षक तरुणींची अशी चित्रं) हा संग्राहकांचा शब्दही येण्याची दाट शक्यता आहे. त्यातलं ‘गुड’ हे मुलीचं नव्हे, चित्राचं विशेषण आहे. तेव्हा ‘सद्गुणी मुलींची चित्रं’ असं काही करू नका. मी ‘ललनाचित्रं’ म्हणेन. ‘ललना’ शब्दाला आता जो थोडा मिश्कील, जुन्या मासिकांचा वास येतो, तो इथे हवाच आहे.