गावात घरगुती हिंसाचार थांबवायला सगळ्यांना एकत्र कसं आणायचं?

तुम्ही विचारलंय की पंचायत, पोलीस, महिला मंडळ, डॉक्टर सगळ्यांना घेऊन गावात एक कमिटी करायची आहे, बायकांना होणारी मारहाण थांबावी म्हणून, तर सुरुवात कुठून करू. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, बरीच वर्षं स्वयंसहाय्य गटाचं काम करते, त्यावरून सांगते. आधी कमिटी नको. कमिटी म्हटली की अध्यक्ष कोण यावरच दोन महिने जातात, मग उद्घाटन, फोटो, आणि संपलं.

खरं सांगायचं तर या बाबतीत गाव आधीपासूनच एकत्र आहे. बाईला मार बसला की काय होतं बघा ना. शेजारीण आवाज ऐकून टीव्ही मोठा करते, सासू म्हणते घरातलं घरात ठेव, माहेरचे म्हणतात आता चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलीय, नंतर बघू, मग एखादा पंच येतो आणि दोघांना समोरासमोर बसवून तिलाच सांगतो की तू पण जरा तोंड सांभाळ, आणि एवढं करून ती पोलीस स्टेशनपर्यंत गेलीच तर तिथे दोघांच्या सह्या घेऊन परत घरी. म्हणजे तिला परत पाठवायच्या कामात सगळ्यांचं को-ऑर्डिनेशन एकदम पक्कं, रस्त्याच्या खड्ड्यांसाठी सुद्धा एवढं दिसत नाही. तुम्हाला हे मोडायचंय, म्हणून ज्यांना बरोबर घ्याल त्यांच्याकडून सगळ्यात आधी एकच गोष्ट कबूल करून घ्या, की मारहाणीच्या केसमध्ये दोघांना एकत्र बसवून समजूत काढायची नाही. नवऱ्यासमोर बसून ती खरं बोलणार आहे का? आणि बोललीच तर घरी गेल्यावर काय होणार ते पण तिलाच माहीत. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली जे नियम 2006 मध्ये आले त्यात कोर्टाने पाठवलेल्या समुपदेशनाबद्दल सुद्धा स्पष्ट आहे की नवऱ्याला तिथे आपल्या मारण्याचं समर्थन करता येत नाही. आमच्याकडे पंचांच्या बैठकीत अर्धा वेळ त्याचंच समर्थन ऐकण्यात जातो.

दुसरं म्हणजे एका रात्रीचा विचार करा. रात्री अकराला बाई दोन पोरं घेऊन बाहेर पडली, शेवटची बस केव्हाच गेली, तर ती कोणाच्या दारात जाणार, गाडी कोण काढणार, आज झोपणार कुठे? एवढं ठरलं की तुमची कमिटी झाली असं समजा. वाड्यावर, म्हणजे आपल्या वस्तीत, दोन-तीन घरं अशी हवीत जी रात्री दार उघडतील, आणि शक्यतो तिच्या नवऱ्याच्या नात्यातली नकोत (आमच्या गावात हे शोधणं हाच मोठा प्रॉब्लेम, सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागतात). 112 (तातडीच्या मदतीचा) आणि 181 (महिला हेल्पलाइनचा) हे नंबर सगळ्या बायकांना पाठ हवेत, फोनमध्ये सेव्ह नको, कारण पहिल्यांदा फोनच हिसकावला जातो. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, पासबुक यांच्या झेरॉक्स दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवलेल्या बऱ्या. आणि गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे पैसे तिच्या नावावर येतात हे खरं, पण एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं ते एकदा हळूच विचारा.

आरोग्य केंद्रातली नर्स आणि डॉक्टर यांना विसरू नका, माझ्या मते पंचायतीपेक्षा त्या जास्त उपयोगाच्या. बाई पोलिसात जाणार नाही पण हात सुजला की दवाखान्यात येते, आणि बाथरूममध्ये पडले म्हणून सांगते, मागे नवरा उभा असतो. त्याला बाहेर केसपेपर काढायला पाठवून तिला एकटीला विचारलं, आणि ती जे बोलली ते तिच्या शब्दात लिहून ठेवलं, तर तो कागद पुढे कोर्टात लागतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये मार खाल्लेल्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते याच विचाराने, आणि त्याच्याही आधी 1984 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुंबई पोलिसांबरोबर स्पेशल सेल काढला, तिथे पोलीस यंत्रणेतच सोशल वर्कर बसते. बाई जिथे तशीही येते तिथेच आपलं माणूस बसवायचं. गावात अशा जागा म्हणजे अंगणवाडी, आरोग्य केंद्र, रेशनचं दुकान. धालो (बायकांचा लोकनाच) खेळतात त्या मांडावर आणि फुगडीच्या प्रॅक्टिसला पण बायका भेटतात, तिथे भाषण देऊ नका, नुसतं कळू दे की या बाईशी बोलता येतं.

कायद्याचं थोडक्यात. 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी म्हणून जो नेमलेला असतो तो घटनेचा अहवाल भरतो, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतो. गोव्यात हे काम तालुक्याच्या बीडीओंकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) दिलं होतं, तर तुमच्या तालुक्यात सध्या कोण आहे ते आत्ताच जाऊन विचारून या, वेळ आल्यावर शोधाशोध नको. वकील फुकट मिळतो, विधी सेवा प्राधिकरणातून, बाईच्या उत्पन्नाची अट नाही. आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला राहत्या घरातून हाकलता येत नाही, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये तेच सांगितलं. आपल्याकडे तर जुन्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर बायकोचा सामाईक मालमत्तेत अर्धा वाटा असतो, तिच्या सहीशिवाय नवरा घर-जमीन विकू शकत नाही, तरी बायका घाबरतात कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ग्रामसभेत हे एकदा मोठ्याने वाचून दाखवा, पुरुषांच्या पण कानावर जाऊ दे.

शेजाऱ्यांना भीती असते की कोर्टाच्या फेऱ्या मारायला लागतील. 2005 च्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही येत नाही. आणि ज्याला कळवायचं पण नाही त्याने निदान बेल वाजवावी, साखर मागावी, काहीही. मारणारा त्या क्षणी थांबतो कितीतरी वेळा.

व्हॉट्सॲप ग्रुप करणार असाल तर त्यावर कोणाचं नाव, वाडा, फोटो काही टाकू नका. दुपारपर्यंत नवऱ्यापर्यंत पोचतं.

दारूचं विचाराल म्हणून आधीच सांगते, दारू सुटली की मारणं थांबेल असं गृहीत धरू नका. व्यसनाला मदत जरूर मिळवून द्या, पण प्यायलेला माणूस बॉसला मारत नाही, बायकोलाच मारतो, तेव्हा दोन्ही कामं वेगवेगळी चालू ठेवा. आणि बाई घर सोडून निघाली की सगळे हुश्श करतात, तेव्हाच खरं तर जास्त लक्ष हवं, कारण ती हातातून गेली म्हणून चवताळलेला माणूस तिच्या माहेरी, कामाच्या जागी, पोरांच्या शाळेबाहेर जाऊन उभा राहतो. शाळेच्या हेडबाईंना आधी कळवून ठेवा की पोरं कोणाच्या ताब्यात द्यायची.

भाड्याच्या खोल्यांतल्या परप्रांतीय बायका तुमच्या यादीत धरा, त्यांना माहेर जवळ नाही आणि भाषा पण येत नाही. त्यांच्यासाठी हिंदी किंवा कन्नड बोलणारी एखादी बाई गटात घ्या, आमच्याकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एकीनेच हे काम अंगावर घेतलंय आणि ती आमच्यापेक्षा बरं करते.