मामांची सिटी घ्या, पण २४,००० या आकड्यासाठी नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या मामांची २०१५ ची होंडा सिटी आहे. पेट्रोल, मॅन्युअल, रनिंग फक्त २४,००० किलोमीटर. मामांना आता गाडी चालवणं झेपत नाही आणि ती घरातल्याच कुणाकडे जावी अशी मामींची इच्छा आहे. तुम्हाला कोथरूड ते हिंजवडी रोजच्या जाण्यायेण्यासाठी भरवशाची गाडी हवी आहे. घ्यावी का?

माझं मत, घ्या. मात्र ती कमी चाललीय म्हणून नव्हे. पहिल्या दिवसापासून ती कुणाच्या हातात होती, कुठे उभी असायची, कधी ठोकली होती का, हे सगळं तुम्हाला माहीत आहे किंवा एका फोनवर कळू शकतं. बाजारातल्या गाडीबद्दल ही माहिती कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. शिवाय मीटर मागे फिरवल्याची भीती नाही.

कमी रनिंगचं मात्र नीट समजून घ्या. दहा वर्षांत २४,००० म्हणजे महिन्याला जेमतेम दोनशे किलोमीटर. गाडी चालल्याने इंजिन, गिअरबॉक्स, क्लच प्लेट, सस्पेन्शन झिजतं. हा भाग तुमच्या मामांच्या गाडीत जवळजवळ नवा असणार. पण रबर, टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट यांचं वय वर्षांनी वाढतं. गाडी उभी असली तरी ती म्हातारी होतात. म्हणजे तुम्ही निम्मी नवी आणि निम्मी दहा वर्षांची गाडी घेताय.

हे मी अनुभवावरून सांगतोय. सात वर्षांपूर्वी मी माझ्या काकांची सेडान घेतली. नऊ वर्षांत १९,००० किलोमीटर, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात खंबाटकी घाट चढताना टेम्परेचरचा काटा एकदम वर गेला. रेडिएटरचा वरचा होज कडक होऊन तडकला होता आणि सगळं कूलंट रस्त्यावर. मागच्या सीटवर आई आणि सहा वर्षांची मुलगी. भर मे महिन्यात घाटात दीड तास उभे होतो. तो होज काही शे रुपयांचा होता. तेव्हापासून जुन्या गाडीचे रबरी पाइप हाताने दाबून बघितल्याशिवाय मी कुणालाही "घे" म्हणत नाही.

आता मामांना पहिला प्रश्न हा विचारा, की हे किलोमीटर झाले कसे? महिन्यातून एकदा पुण्याला किंवा सांगलीला चक्कर होत असेल तर उत्तम. रोज मंडईपर्यंत दोन किलोमीटर आणि परत, असं असेल तर जरा थांबा. एवढ्या अंतरात इंजिन पुरतं तापतच नाही. आत धरलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल लवकर खराब होतं. असे २४,००० हायवेच्या ६०,००० पेक्षा वाईट असू शकतात.

दुसरा प्रश्न सर्व्हिसिंगचा. सिटीचा हिशोब १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारं वाक्य असं: "अहो, गाडी चाललीच नाही, सर्व्हिसिंग कशाला?" मामांनी दरवर्षी केलं असेल तर सर्व्हिस बुकात निदान नऊ-दहा नोंदी दिसतील. चार-पाचच असतील तर ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. आतला धातू मधासारखा तपकिरी दिसला तर ठीक. काळा, चिकट गाळ साचलेला असेल तर मेकॅनिकने इंजिन नीट बघेपर्यंत किमतीचं बोलूच नका.

ही १.५ लिटरची आय-व्हीटेक मोटर मुळात दणकट आहे. ११९ पीएसची ताकद आहे आणि टायमिंगला बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च नाही. म्हणूनच मी एवढ्या खात्रीने हो म्हणतोय.

टायरवर मात्र मी अडून बसेन. मूळ टायर असतील तर नक्षी भरपूर दिसेल आणि मामा म्हणतील, "टायर अजून नवेच आहेत." टायरच्या बाजूला DOT (डॉट) या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१५ म्हणजे २०१५ चा ३२वा आठवडा. त्या वर्षाचे असतील तर चारही बदला, नक्षी कितीही असो. स्टेपनीही बघा. वीस हजारांच्या पुढे खर्च येईल, तो किमतीत धरा. पावसाळ्यात बावधनच्या उतारावर ट्रक समोर अचानक थांबला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबवणार ते टायरच.

बाकीचं पटापट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, तुम्ही आल्याआल्या बदला. कूलंट, ऑइल, सगळे फिल्टर, फॅन बेल्टही. बॅटरी चार वर्षांहून जुनी असेल तर तीही. गाडी रॅम्पवर चढवून सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबर) आणि खालचा गंज बघा. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा, उभ्या गाडीत हे फार होतं. एसी अर्धा तास चालवून पाहा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्याआधीची आहे, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि सील तपासून घ्या. त्या वर्षी काही व्हेरिएंटमध्ये एअरबॅग नसायच्या. तुमच्या घरी लहान मुलं असतील तर हे आधी बघा. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून एखादा रिकॉल (दोष निघाल्याने कंपनीने बदलून द्यायचा भाग) बाकी आहे का, तेही तपासा.

पैशांचं बोलणं नात्यात अवघड जातं. मामा म्हणतील, "तुला काय द्यायचं ते दे." असं घेऊ नका. जुन्या गाड्या घेणाऱ्या दोन ठिकाणांहून कोटेशन मागवा, तशाच गाड्या कितीला विकायला लावल्यात ते बघा, मधला आकडा काढा, टायर वगैरेंचा खर्च वजा करा आणि तो कागद मामांसमोर ठेवा. आणि मामेभावंडांशी आधी बोला. आतेभावाने आमच्या वडिलांची गाडी स्वस्तात नेली, ही सल दिवाळीच्या जेवणात वर्षानुवर्षं बाहेर येत राहते. पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे.

आणि गाडी नावावर करून घ्या, लगेच. "घरचंच तर आहे, करू सावकाश" हे मीही ऐकलं होतं. काकांची गाडी चार महिने त्यांच्याच नावावर राहिली, माझी चलनं त्यांच्या फोनवर जायची आणि ते बिचारे घाबरून मला फोन करायचे. याहून गंभीर म्हणजे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार राहतो. म्हणजे तुमच्या हातून काही झालं तर नोटीस मामांना. या वयात त्यांच्यावर ही वेळ येऊ देऊ नका. आरटीओचे गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर मामांनी १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायचा. मामांचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दलची विम्यातली सूट) तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढेल. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवली आहे का ते बघा. मामांचा फास्टॅग बंद करून तुमचा नवा घ्या. नंबर मात्र एमएच-०९ चाच राहील.

ऑइल, होज, टायर ही कामं कोल्हापुरातच, मामांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये करा आणि मगच पुण्याकडे निघा. सकाळी लवकर निघा, साताऱ्यात थांबा, इंजिन गार होऊ द्या आणि कूलंटची पातळी बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. मामांना शेजारच्या सीटवर बसवून आणता आलं तर आणा. गाडीचा कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा, हे तेच सांगू शकतील.

टायरचे चार आकडे आणि सर्व्हिस बुकातल्या शेवटच्या तीन नोंदी इथे लिहा. त्यावरून कुठला खर्च आधी करायचा ते सांगतो.