बाळ आजीलाच बिलगतं, म्हणून आईची माया तुटली का?

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांचा आहे. रजा संपल्यापासून मी खानापूरहून रोज बेळगावला नोकरीला जाते. दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो, माझंच काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पितो. संध्याकाळी मी हात पुढे केले की त्यांच्या खांद्यात तोंड लपवतो. शेजारच्या काकू म्हणतात, अंगावरचं कमी झालं की माया आटते. त्यात मोबाईलवर तारेची आई दिलेल्या माकडाच्या पिल्लाचा व्हिडिओ पाहिला आणि झोपच उडाली. नोकरी सोडू का?

उत्तर : ताई, निव्वळ या भीतीपोटी नोकरी सोडू नका. तो व्हिडिओ खरं तर काकूंचं म्हणणं खोडून काढतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांची पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच आईपासून तोडली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची, एक मऊ कापडाची. १९५८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : दुधाची बाटली तारेच्या आईला लावलेली असली तरी पिल्लू पिण्यापुरतं तिच्याकडे जाई आणि बाकी बहुतेक वेळ कापडी आईला चिकटून राही. घाबरलं तरी धाव तिच्याकडेच. माया दुधावर अडत नाही, ती उबेवर आणि स्पर्शावर जडते. पण कापड पिल्लाच्या हाकेला ओ देत नाही. म्हणूनच ती पिल्लं मोठेपणी इतर माकडांत मिसळू शकली नाहीत. प्रयोग क्रूर होता, आणि त्या पिल्लांना मायेचं जिवंत कुणीच नव्हतं. तुमच्या बाळाला आजी आहे.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मात्र आपल्याच पश्चिम घाटातल्या टोपी-माकडांकडे आहे. १९६० च्या दशकात रोझेनब्लम आणि कॉफमन या संशोधकांनी न्यूयॉर्कमध्ये, टोपी-माकडं धरून, दोन जातींच्या माकडांत आईला काही दिवस कळपातून बाजूला काढलं. आग्नेय आशियातल्या, डुकरासारख्या आखूड शेपटीच्या (पिगटेल) माकडांत आई पिल्लाला दुसऱ्या कुणाकडे फारसं जाऊ देत नाही. ती पिल्लं आधी आकांत करत, मग पाठ वाकवून, मान घालून बसून राहत. टोपी-माकडांची पिल्लं तशी खचली नाहीत, कारण कळपातल्या ओळखीच्या माद्यांनी त्यांना उराशी घेतलं. यातला ‘ओळखीच्या’ हा भाग महत्त्वाचा. रोज नवा माणूस सांभाळायला असेल तर हा आधार मिळत नाही. माकडांवरून माणसाचं सगळंच ठरत नाही, पण माणसाचं बाळही दोन-तीन माणसांशी घट्ट नातं जोडू शकतं. आजीशी जडलेली माया तुमच्या वाट्यातून वजा होत नाही.

आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाला ताटातूट कळू लागते, त्यामुळे हात बदलताना ते कुरकुरतंच. घरी आल्यावर त्याला ओढून घेऊ नका. हातपाय धुवा, सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बोला. ते झेपावलं की मग घ्या. त्यानंतर अर्धा तास मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, अंगावर पाजा, त्याच्या आवाजाला आवाज द्या. पहाटेचं आणि रात्रीचं पाजणं चालू ठेवा. मालिश, अंघोळ, निजवणं यांपैकी एक काम रोज तुमच्याच हातून होऊ द्या.

सकाळी डोळा चुकवून निघू नका. रडू टळावं म्हणून बायका तसं करतात, पण मग बाळाला आई कधीही नाहीशी होईल असं वाटतं आणि ते पदर सोडेनासं होतं. ‘येते हं’ म्हणा, एक पापा घ्या, निघा. रेंगाळू नका.

‘सारखं उचललं की सवय लागते’ असं घरी कुणी म्हणालं तर हे सांगा : बेल आणि एन्सवर्थ या संशोधकांच्या १९७२ च्या पाहणीत, पहिल्या महिन्यांत रडण्याला लगेच प्रतिसाद मिळालेली बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती.

मूल कुणाच्याच चेहऱ्याकडे पाहत नसेल, हसत नसेल किंवा आवाजाकडे वळत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. आणि तुमची झोप, भूक, उमेद दोन आठवडे गेलेली असेल तर तेही दुखणंच आहे. डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे.