पालिकेने माझ्या वडिलांची भाजीची गाडी उचलून नेली, पावतीही दिली नाही. परत मिळेल का?

मिळायला हवी, पण आजच धावपळ करा. पथविक्रेता अधिनियम 2014 चे कलम 19 तुमच्या बाजूने आहे. माल जप्त केला तर अधिकाऱ्याने यादी करून सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावीच लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच सोडायचा असतो, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. त्यासाठी ठरलेली फी भरावी लागते. ती पावतीशिवाय भरू नका.

तोंडी विनवण्या करत बसू नका. प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. जप्तीची तारीख, वेळ, जागा, भाजीचे अंदाजे वजन, गाडी, वजनकाटा असे सगळे त्यात लिहा आणि आवक विभागाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. पुढे सगळे त्या शिक्क्यावर अवलंबून असते. शेजारच्या विक्रेत्यांकडे मोबाइलवरचे फोटो असतील तर तेही जोडा.

नोटीस मिळाली होती का, तेही तपासा. हटवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस कायद्याने बंधनकारक आहे. पालिकेने केलेल्या पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात वडिलांचे नाव असेल तर त्याचा पुरावा जोडा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर मोफत वकील मिळतो.