पिंग चोख, पण फाइल रखडते

प्रश्न : आमच्या पतसंस्थेतील लिनक्स सर्व्हरला पिंग केले (छोटे चाचणी-संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहिले), तर एकही पॅकेट हरवत नाही, परंतु बॅकअपची मोठी फाइल कॉपी करू लागलो की वेग अगदी मंदावतो. ईथटूलमध्ये (नेटवर्क कार्डाची सेटिंग दाखवणारी आज्ञा) १०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाठवणे) आणि ऑटोनेगोशिएशन (दोन्ही उपकरणांनी वेग व डुप्लेक्स आपसात ठरवणे) बंद असे दिसते. आधीच्या तंत्रज्ञाने ते हाताने ठरवून ठेवले होते. नेटवर्क स्विच साधा आहे, त्यात कोणतीही सेटिंग नाही. ड्रायव्हरच्या आकडेवारीत ‘आरएक्स सीआरसी एरर्स’ (आलेल्या ज्या फ्रेमचा, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्याचा, तपासणी-अंक जुळला नाही त्यांची संख्या) ४१,००० च्या वर आहेत. नेटवर्क कार्ड बदलावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कार्ड इतक्यात बदलू नका. ड्रायव्हरचे आकडे सामान्यतः मशीन सुरू झाल्यापासून साठत आलेले असतात, म्हणून ४१,००० ही संख्या एकटी काहीच सांगत नाही. ती नोंदवून ठेवा, एक मोठी फाइल कॉपी करा आणि पुन्हा पाहा. कॉपी चालू असतानाच आकडा वाढत असेल आणि एरवी स्थिर राहत असेल, तर माझा संशय डुप्लेक्सच्या विसंगतीवर आहे.

ऑटोनेगोशिएशन बंद असलेल्या कार्डाशी जोडलेल्या स्विचला समोरचा वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळत नाही. अशा वेळी तो नियमानुसार हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच बाजूने पाठवणे) धरतो. मग सर्व्हर हवे तेव्हा पाठवत राहतो, तर स्विच त्याच क्षणी स्वतः पाठवत असेल तर त्याला टक्कर झाल्यासारखे वाटते आणि तो आपली फ्रेम अर्धवट सोडून देतो. तो तुकडा सर्व्हरच्या कार्डाकडे पोहोचतो, त्याची सीआरसी जुळत नाही आणि आकडा एकाने वाढतो. पिंगमध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी क्वचितच बोलतात, म्हणून ते निर्दोष दिसते. फाइल कॉपी करताना मात्र एकीकडून डेटा आणि दुसरीकडून पोच सतत चालू असते. स्विचकडील ‘लेट कोलिजन’चा (फ्रेम बरीच पाठवून झाल्यावर आढळलेल्या टकरीचा) आकडा पाहता आला असता तर हे लगेच सिद्ध झाले असते, तुमच्या स्विचमध्ये ती सोय नसल्याने सर्व्हरची आकडेवारी हाच खरा पुरावा आहे.

कामकाज संपल्यावर सर्व्हरवर ऑटोनेगोशिएशन सुरू करा. क्षणभर जोडणी तुटेल. ते मशीन सुरू होतानाच लागू होणाऱ्या सेटिंगमध्येही बदला, नाहीतर जुनी चूक परत येईल. स्विच गिगाबिटचा असूनही वेग १०० वरच थांबला, तर केबल तपासा. गिगाबिटला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला मात्र १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या दोनच पुरतात. तंत्रज्ञाने वेग बांधून ठेवण्याचे मूळ कारणही कदाचित अशीच तुटलेली जोडी असावी.

ऑटोनेगोशिएशननंतरही सीआरसीचा आकडा वाढत राहिला, तर केबल, कनेक्टर आणि स्विचचा पोर्ट या क्रमाने एकेक बदलून पाहा. वाढणारा आकडा ‘आरएक्स मिस्ड एरर्स’चा असेल, तर गोष्ट वेगळी. फ्रेम कार्डापर्यंत नीट आली, पण ठेवायला जागा नव्हती. तिथे केबल बदलून उपयोग होत नाही.