वेल मांडवभर, फूल ओंजळभरही नाही : जाई-जुईबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न (तासगाव तालुका) : मॅडम, आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर जाईचा वेल आहे. लावून पाच वर्षं झाली. पत्र्यावर चढून पार शेजाऱ्यांच्या गच्चीपर्यंत गेलाय, पानं हिरवीगार आहेत. पण यंदा गौरींना वेणी करण्याइतकीही फुलं निघाली नाहीत. द्राक्षाला आणलेला युरिया त्यालाही दोन-दोन मुठी टाकतो. सासूबाई म्हणतात, जाईला कात्री लावायची नाही. काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यामुळे माझं काम सोपं झालं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी न करता बाग दोन वर्षं तशीच सोडली तर नुसती काडी वाढेल आणि घड लागणार नाहीत, हे तुमच्या घरातल्या लहान मुलालाही सांगता येईल. जाईचंही तसंच आहे. तिला फूल लागतं ते त्याच हंगामात निघालेल्या नव्या फुटीवर. जुन्या, लाकूड झालेल्या काड्यांवर नवी फूट कमी निघते आणि वेलाची सगळी ताकद ती लांबण जगवण्यात जाते. त्यातून मोरीचं पाणी बारा महिने आणि वर युरिया. अशा वेलाला फुलावर येण्याची गरजच वाटत नाही.

तेव्हा डिसेंबरच्या शेवटी मोरीचं पाणी दुसरीकडे वळवा आणि वेलाला पंधरा दिवस ताण द्या. जानेवारीत छाटणी करा. फुलांचं पीक म्हणून जाई घेणारे शेतकरी वेल जमिनीपासून साधारण दीड फुटावर कापतात. तुम्हाला परसात मांडव हवा असेल तर एवढं खाली यायची गरज नाही. दोन-तीन मुख्य खोडं मांडवापर्यंत राखा आणि बाजूच्या फांद्या दोन ते चार डोळे (जिथून नवी फूट निघते ती जागा) ठेवून कापा. वाळकी, एकमेकींत गुंतलेली आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काडी जिथून फुटली तिथूनच कापून काढा. जाड कापांवर बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, ती तुमच्याकडे असतेच.

सासूबाईंचं मन मला कळतं. हाताने वाढवलेला वेल बोडका झालेला बघवत नाही. त्यांना दुखवू नका. या जानेवारीत अर्धाच वेल छाटा, उरलेला तसाच ठेवा. पावसाळ्यात दोन्हींकडची फुलं त्यांनाच तोडू द्या. पुढच्या वर्षी त्याच कात्री आणून देतील, अशी माझी खात्री आहे.

खताचं थोडं सविस्तर सांगते, कारण चूक इथेच होते. पूर्ण वाढलेल्या वेलाला वर्षाला 60 ग्रॅम नत्र, 120 ग्रॅम स्फुरद आणि 120 ग्रॅम पालाश लागतं. म्हणजे स्फुरद आणि पालाश नत्राच्या दुप्पट. तुम्ही देताय ते नेमकं उलटं. वर्षाचं खत दोन हप्त्यांत द्या, छाटणीनंतर एकदा आणि जुलैत एकदा. प्रत्येक वेळी युरिया 65 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 375 ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश 100 ग्रॅम. छाटणीनंतर सोबत दहा किलो कुजलेलं शेणखत. खत बुंध्याला लागू देऊ नका. बुंध्यापासून हातभर अंतरावर आळं करून मातीत मिसळा आणि लगेच पाणी द्या. वेलावर पाच-सहा तास ऊन पडतं का, तेही बघा. गच्चीच्या सावलीत गेलेल्या भागाला फूल कमीच येणार.

प्रश्न (सोलापूर) : जुईची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. बोअरचं पाणी देतो.

उत्तर : ही लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही आणि क्षारांचं पाणी त्यात भर घालतं. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी झाली असती तर मी नत्र म्हटलं असतं. इथे शेंड्याकडून सुरुवात आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. द्रावण ताजंच हवं. तांबूस, गंजासारखं दिसू लागलं की त्याचा उपयोग नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर या वेलासाठी ठेवा. आळ्यात शेणखत भरपूर घाला, कारण कायमचा उपाय तोच आहे.

प्रश्न (सातारा) : जाईच्या कळ्या जांभळट होऊन गळतात. रोग आहे का?

उत्तर : आधी एक गोष्ट तपासा. जाईच्या कळीला बाहेरून गुलाबी झाक असतेच, तिला घाबरू नका. कळी बुडाशी फुगीर, आखूड आणि जांभळी होऊन न उमलताच गळत असेल तर तो कळीमाशीचा उपद्रव आहे. तिच्या बारीक अळ्या कळीत वाढतात आणि पुढे मातीत उतरून कोष करतात. म्हणून गळलेल्या कळ्या रोज वेचून जाळा आणि बुंध्याखालची माती दर आठवड्याला खुरप्याने हलवा. कळीला भोक आणि जाळी दिसली तर मात्र ती कळी पोखरणारी अळी. तिच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. परसातली फुलं केसांत माळली जातात, देवाला जातात, लहान मुलं ती नाकाला लावतात. तिथे जहाल औषध मी सुचवणार नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : अंगणात जागा थोडी आहे. जाई लावू की जुई? सुगंधाने साप येतात का?

उत्तर : तुमच्याकडे मी जुई सांगेन. तिचं फूल लहान, पण घोसाने येतं आणि दिवेलागणीला उमलू लागतं, म्हणजे घरातली माणसं अंगणात असतात त्याच वेळी. कोकणच्या पावसात मुळाशी पाणी थांबलं तर वेल कुजतो, म्हणून दीड फुटाचा खड्डा भरताना माती आजूबाजूपेक्षा वीतभर उंच ठेवा.

साप वासाने येत नाही. तो उंदीर-बेडकांच्या मागे येतो आणि जमिनीवर लोळणारा दाट वेल त्याला आडोसा देतो. खालचा हातभर भाग मोकळा राखा, पालापाचोळा साठू देऊ नका.

रोप विकत घेण्याआधी शेजारी विचारा. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी वाकवून पेराखाली हलका तिरपा काप घ्या, तो भाग दोन-तीन इंच मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. दोन-तीन महिन्यांत मुळं धरली की आईवेलापासून तोडून आपल्या अंगणात आणा.